विश्लेषण : ऑनलाइन मिळणारा स्वस्त लॅपटॉप खरोखर स्वस्त पडतो का?

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे परिसरात आर्वी मार्गावर बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. प्रवेश झाला की शुल्क आणि खोलीभाड्यापाठोपाठ घरात लॅपटॉपचा विषय निघतो. हात आखडता असेल तर मोबाइलवर नजर जाते ती ‘रिफर्बिश्ड’ लॅपटॉपकडे, म्हणजे वापरलेल्या आणि दुरुस्त करून पुन्हा विक्रीला ठेवलेल्या लॅपटॉपकडे. हे सगळेच वाईट नसतात. मात्र केवळ किंमत पाहून घेतलेला लॅपटॉप पदवी पूर्ण होण्याआधीच निरुपयोगी ठरू शकतो.

विंडोज १०चा मुद्दा काय?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव योजना जाहीर झाली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ‘आय५-६३००यू’ म्हणजे सहावी पिढी, ‘आय५-८२५०यू’ म्हणजे आठवी. जाहिरातीत नुसते ‘आय५’ लिहिले असेल तर पूर्ण क्रमांक विचारावा. जुन्या लॅपटॉपवर उबुंटूसारखी मोफत प्रणाली चालते, मात्र अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअर तिच्यावर चालेल का, हे महाविद्यालयात आधी विचारून घ्यावे.

आणखी काय पाहावे?

रॅम शक्यतो ८ जीबी आणि साठवणुकीसाठी किमान २५६ जीबीची एसएसडी असावी. अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये अनेकदा ६४ जीबीची ईएमएमसी असते. ती एसएसडीपेक्षा संथ असते आणि विंडोजच्या अपडेटनीच भरत येते.

चार्जर-ॲडाप्टर घेताना त्यावर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

वॉरंटी कोणाची?

वॉरंटी कंपनीची की विक्रेत्याची, हा प्रश्न पैसे भरण्याआधीचा आहे. ‘ऑन-साइट’ सेवा असेल तर ती ४४२००१ या पिनकोडला मिळते का, हे पाहावे. सेवा केंद्र नागपूरला असेल, तर प्रत्येक बिघाडासाठी सुमारे ७५ किलोमीटरची फेरी पडते. हा खर्च धरला तर वर्ध्यातील दुकानातला थोडा महाग लॅपटॉपही परवडू शकतो. बिल जीएसटीचे आणि अनुक्रमांक नोंदवलेले घ्यावे.

फसवणूक झाली तर?

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडीओ आणि खरेदीच्या वेळी दिसलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. ई-कॉमर्स नियम, २०२०नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिनाभरात तक्रार निकाली काढणे अपेक्षित आहे.

तसे झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करावी. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळूरचा, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे पिपरी मेघेच्या रहिवाशाला वर्ध्यातच, तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि वकील नेमणेही सक्तीचे नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून बनावट संकेतस्थळावर पैसे गेले असतील, तर मात्र वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.