पडद्यावरची नक्षी
मिरजेचा कारागीर तंबोऱ्यावर नक्षी एकदाच करतो. संगणकाच्या पडद्यावरील नक्षी मात्र काही हलले की पुन्हा काढावी लागते. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. खिडकीखाली पुसट सावली दाखवायची, तर तेथील प्रत्येक ठिपक्याचा मागचा रंग वाचून त्यात काळा मिसळावा लागतो. खिडकी सरकताना सेकंदाला सुमारे ६० वेळा. जुना संगणक येथे अडखळतो. विंडोजच्या ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मध्ये ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडले, की सावल्या व सरकती दृश्ये बंद होतात. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणाऱ्या पर्यायावर मात्र आपण पुन्हा खूण करू, म्हणजे देवनागरी वाचताना डोळे शिणणार नाहीत. मेमरी अपुरी असेल, तर एवढ्याने भागणार नाही. तरी शाळेसाठी नवा संगणक मागण्यापूर्वी हा बिनखर्चाचा उपाय करून पाहू.