यंत्राला कायद्याचे अधिष्ठान
मतदान यंत्राचा स्वीकार : न्यायालय, संसद आणि मतदान केंद्र

केरळ विधानसभेसाठी १९ मे १९८२ रोजी मतदान झाले, तेव्हा परवूर मतदारसंघातील ८४ मतदान केंद्रांपैकी ५० केंद्रांवर मतदारांना मतपत्रिका देण्यात आल्या नाहीत. तेथे मतपेटीच्या जागी एक विद्युत-यंत्र ठेवण्यात आले होते. पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोरील बटण दाबले की मताची नोंद होत असे. मतदान यंत्राचा देशातील हा पहिला प्रत्यक्ष वापर होता. उरलेल्या ३४ केंद्रांवर नेहमीच्या पद्धतीने मतपत्रिकेवर शिक्का मारून मतदान झाले.

मतमोजणीत शिवन पिल्लै यांना ३०,४५० आणि ए. सी. जोस यांना ३०,३२७ मते मिळाली. पिल्लै १२३ मतांनी निवडून आले. त्यांच्या मतांपैकी १९,१८२ मते यंत्रांवर नोंदली गेली होती. यंत्रांच्या वापराला मतदानापूर्वी उच्च न्यायालयात हरकत घेणारे उमेदवार हे पिल्लैच होते. निकालानंतर तीच हरकत पराभूत उमेदवार जोस यांनी घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यंत्राविषयीची शंका ही एका पक्षाची वा एका उमेदवाराची मिरास नसते, याचा प्रत्यय या पहिल्याच प्रकरणात आला.

प्रश्न अधिकाराचा

यंत्रांची कल्पना निवडणूक आयोगाने १९७७ मध्ये मांडली होती. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने १९७९ मध्ये त्याचा नमुना तयार केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर त्याचे प्रात्यक्षिक झाले. पुढे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीकडेही यंत्रांच्या निर्मितीचे काम आले. तांत्रिक तयारी अशी हळूहळू होत असली, तरी कायद्यात मात्र कोणताही बदल झालेला नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ अन्वये निवडणुकांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण आयोगाकडे आहे, त्या अधिकारातच यंत्रांचा वापर करता येईल, अशी आयोगाची भूमिका होती.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च १९८४ रोजी ही भूमिका अमान्य केली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ आणि निवडणूक नियम, १९६१ यांमध्ये मत कसे द्यावयाचे हे सांगितलेले होते व ती पद्धत मतपत्रिकेची होती. जेथे संसदेचा कायदा किंवा त्याखालील नियम अस्तित्वात आहेत, तेथे आयोगाला त्यांच्या विरुद्ध आदेश काढता येत नाही. कायदा जेथे मूक आहे, तेवढ्याच क्षेत्रात अनुच्छेद ३२४ मधील अधिकार चालतो, असे न्यायालयाने सांगितले. परवूरच्या त्या ५० केंद्रांवर पुन्हा मतपत्रिकेने मतदान घेण्याचा आदेश झाला. मे १९८४ मध्ये फेरमतदान झाले आणि निकाल फिरला. जोस निवडून आले.

यंत्राने मते चुकीची मोजली, असा निष्कर्ष न्यायालयाने काढलेला नव्हता. तरीही दोन वर्षे विधानसभेत बसलेल्या सदस्याचे स्थान गेले, कारण ज्या साधनाने मते घेतली त्याला कायद्याचा आधार नव्हता. साधन कितीही सोयीचे असले, तरी मताला वैधता कायद्यामुळे येते, हा या निवाड्याचा अर्थ आहे.

संसदेचा निर्णय

या निवाड्यानंतर यंत्रे बाजूला ठेवावी लागली. तिढा सोडविणे संसदेच्याच हाती होते. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने लोकप्रतिनिधित्व अधिनियमात दुरुस्ती करून कलम ६१-अ समाविष्ट केले. हे कलम १५ मार्च १९८९ पासून अमलात आले. विहित पद्धतीने यंत्राद्वारे मते देणे व नोंदविणे याला त्यामुळे मान्यता मिळाली. मात्र संसदेने यंत्राची सक्ती केली नाही. प्रत्येक प्रकरणातील परिस्थिती लक्षात घेऊन आयोग जे मतदारसंघ निर्दिष्ट करील तेथे यंत्र वापरता येईल, अशी या कलमाची रचना आहे.

त्याच दुरुस्ती कायद्यातील आणखी दोन तरतुदी मतदान केंद्रावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मतदान केंद्र बळकावणे हा स्वतंत्र अपराध ठरविण्यात आला आणि तसे घडल्यास त्या केंद्रावरील मतदान रद्द करण्याचा किंवा निवडणूकच रद्द करण्याचा अधिकार आयोगाला मिळाला. तसेच निवडणुकीच्या कामावर नेमलेले अधिकारी व कर्मचारी त्या काळापुरते आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाईल व ते आयोगाच्या शिस्तीखाली राहतील, असे ठरले. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी संविधानाची ६१ वी दुरुस्तीही संसदेने त्याच महिन्यात संमत केली. मतदारांची संख्या वाढविणे व मतदानाची पद्धत बदलणे हे दोन्ही निर्णय असे बरोबरीने झाले.

कायद्यापासून केंद्रापर्यंत

कायदा होताच यंत्रे सर्वत्र आली, असे मात्र घडले नाही. १९९० मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या निवडणूक सुधारणा समितीने यंत्रांची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, असे सुचविले. त्याप्रमाणे नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अनुकूल अहवाल दिला. यंत्राद्वारे मतदानाचे तपशीलवार नियम मार्च १९९२ मध्ये अधिसूचित झाले. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत ती वापरण्यात आली. १९९९ मध्ये गोवा विधानसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर झाली आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे पोहोचली. कायद्याच्या अंमलापासून देशव्यापी वापरापर्यंत पंधरा वर्षे लागली.

यंत्राचे दोन मुख्य भाग असतात. केंद्राध्यक्ष वा मतदान अधिकाऱ्यापुढे नियंत्रण एकक आणि आडोशाआड मतदान एकक. अधिकाऱ्याने नियंत्रण एककावरील बटण दाबून अनुमती दिल्याशिवाय मतदाराला मत देता येत नाही व एका अनुमतीवर एकच मत नोंदले जाते. यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे विजेचा पुरवठा नसलेल्या पाड्यावर वा वस्तीवरही मतदान अडत नाही. मतपत्रिकेवर शिक्का दोन नावांच्या मधोमध पडल्याने बाद होणारी मते यंत्रामुळे नाहीशी झाली, कागदाचा व छपाईचा मोठा खर्च वाचला आणि मोजणीला लागणारे दिवस तासांवर आले. हे लाभ निर्विवाद आहेत.

शंका आणि कागदाची साक्ष

तथापि मतपत्रिकेच्या पद्धतीत एक गुण होता. आपला शिक्का मतदाराला दिसे व पेटीतील मतपत्रिका मोजताना प्रतिनिधींनाही दिसत. यंत्राच्या पोटात काय नोंदले गेले ते डोळ्यांना दिसत नाही. हा आक्षेप अन्य देशांतही घेण्यात आला. जर्मनीत २००५ च्या संसदीय निवडणुकीत वापरलेली यंत्रे तेथील घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये संविधानाशी विसंगत ठरविली. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानावाचून तपासता आले पाहिजेत, हे त्या निवाड्याचे सूत्र होते.

भारतात याला उत्तर म्हणून कागदाची साक्ष जोडण्यात आली. ऑगस्ट २०१३ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि सप्टेंबरमध्ये नागालँडमधील नोकसेन मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट हे जोडयंत्र प्रथम वापरण्यात आले. बटण दाबल्यावर उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते व मग बंद पेटीत पडते. मुक्त व न्याय्य निवडणुकीसाठी अशी कागदी नोंद अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी म्हटले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत प्रत्येक केंद्रावर ही सोय झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यायालयाने प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील किंवा विभागातील चिठ्ठ्या मोजावयाच्या केंद्रांची संख्या एकवरून पाच केली. ही केंद्रे चिठ्ठी टाकून निवडली जातात. यंत्रावरील आकडा व चिठ्ठ्यांची मोजणी यांत तफावत आढळल्यास चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरावी, असे नियम सांगतो. यंत्राच्या युगातही अंतिम साक्ष कागदाची मानली गेली आहे, ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते.

सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात किंवा मतपत्रिका परत आणाव्यात, ही मागणी संसदेत व संसदेबाहेर वारंवार झाली. २६ एप्रिल २०२४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. मात्र त्याबरोबरच उमेदवारांची चिन्हे भरण्याचे एकक मोहोरबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपून ठेवावे, आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा विभागातील पाच टक्के यंत्रांच्या स्मृतिघटकाची तपासणी करावी, असे निदेश दिले. शंका घेणाऱ्याला तपासणीचा मार्ग कायद्याच्या चौकटीत मिळाला.

मतदान केंद्रावरील जबाबदारी

कायदा व न्यायनिर्णय यांचा अखेरचा टप्पा गावच्या शाळेतील मतदान केंद्रावर असतो. तेथे केंद्राध्यक्षाच्या खुर्चीत बहुधा शिक्षक किंवा शासकीय कर्मचारी बसलेला असतो. मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मतांची चाचणी घेणे, तिचा निकाल यंत्र व चिठ्ठ्या या दोहोंवर ताडून पाहणे, चाचणीची मते पुसून व चिठ्ठ्या काढून यंत्र मोहोरबंद करणे, ही कामे तो करतो. दिवसाअखेर नोंदलेल्या मतांचा हिशेब नमुना १७-सी मध्ये भरून त्याची प्रत प्रतिनिधींना द्यावयाची असते. चाचणीची मते पुसावयाची राहिली किंवा हिशेबातील एक आकडा चुकला, तर मोजणीच्या वेळी निष्कारण संशयाला जागा होते. तो संशय कोणत्याही खुलाशाने सहज फिटत नाही. उलट, ही प्रत जपून ठेवणारा प्रतिनिधी मोजणीच्या मेजावर आकडा पडताळून पाहू शकतो. हे काम साध्या बेरजेचे आहे, त्याला अभियंत्याची गरज नाही.

पंचायत सदस्यांनी एक भेद लक्षात घ्यावा. कलम ६१-अ लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकांना लागू आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्या निवडणुका संविधानाच्या अनुच्छेद २४३-के व २४३-झेडए प्रमाणे राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांची पद्धत राज्य विधिमंडळाचे कायदे व त्यांखालील नियम यांवरून ठरते. त्यामुळे एका निवडणुकीतील नियम दुसऱ्या निवडणुकीला जसाच्या तसा लावता येत नाही. ग्रामसभेत वा चावडीवर प्रश्न निघाल्यास हा भेद समजावून सांगणे उपयोगी ठरेल.

परवूरमध्ये १२३ मतांचे अंतर होते. ग्रामपंचायतीच्या प्रभागात ते कधी एका मताचेही असते. एवढ्या थोड्या मतांनी हरलेल्या उमेदवाराने निकाल मान्य करावा, यासाठी मत ज्या साधनाने घेतले ते कायदेशीर असावे लागते, ते तपासता यावे लागते आणि ते हाताळणाऱ्याने आपले काम चोख केलेले असावे लागते. पहिली गोष्ट संसदेने १९८८ मध्ये केली, दुसरी नियमांनी व न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने घडविली. तिसरी मात्र प्रत्येक निवडणुकीच्या दिवशी, प्रत्येक केंद्रावर नव्याने करावी लागते.