नाक कापा, शेपूट निवडा, लाटेवर स्वार व्हा!

डोक्यावर काइट, पायाखाली बोर्ड, समोर उसळती लाट! काइटसर्फिंगचा याहून झकास अवतार दाखवा. पण लाटांसाठी कुठला बोर्ड घ्यायचा, असं विचारलं की भलेभले गटांगळ्या खातात. चला, वारा आहे तोवर सुटूया!

माहीत आहे का? आज किनाऱ्यावर जिकडेतिकडे दिसतो तो दोन्ही टोकं सारखी असलेला ट्विन-टिप, पण थोरला भाऊ आहे डिरेक्शनल! पुढे नाक, मागे शेपूट, आणि नाकासमोर धाव. भावांवरून आठवलं: पाण्यात पडूनही पुन्हा उडणाऱ्या, हवा भरायच्या काइटचं पेटंट १९८४ मध्ये नोंदवलं ते फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या सख्ख्या भावांनीच. सुरुवातीचे काइटसर्फर डिरेक्शनलवरच उभे राहायचे. ट्विन-टिपची लाट आली ती २००१ च्या आसपास.

मग लाटवेडे परत डिरेक्शनल सर्फबोर्डकडे का वळले? ट्विन-टिपला काइटची ओढ सतत लागते. डिरेक्शनल मात्र काइट ढिली सोडली तरी लाटेच्या उतारावर, लाटेच्याच जोरावर सुसाट पळतो. ती मजा एकदा चाखली की सुटत नाही!

आता धक्का नंबर एक. साध्या सर्फिंगमध्ये लिटरला, म्हणजे बोर्डाच्या आकारमानाला, देव मानतात, कारण पालथं पडून, हात मारत लाट गाठायची तर बोर्ड चांगला तरंगायला हवा. इथे काइट खेचून नेते! म्हणून बहुतेकांचं काम साडेपाच ते सहा फुटांच्या छोट्या बोर्डावर भागतं. वारा मंद असेल तर मात्र थोडे लिटर जास्त असलेले बरे. मधेच वारा पडला की तेच तुम्हाला तारतात.

आणि नाक? एरवी नाक कापलं गेलं की बेअब्रू. इथे नाक छाटलेल्या बोर्डाचा भाव वधारतो! वल्हवायचंच नाही, तर लांब टोकदार नाक मिरवायचं कशाला? आखूड बोर्ड झटकन वळतो, हवेत कमी हेलकावतो.

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. बोर्डाची निवड वाऱ्यावर सोडायची नसते, असं वाटतं ना? इथे ती वाऱ्यावरच सोडायची!

मॉरिशसच्या ल मॉर्नजवळचा ‘वन आय’ किंवा केप व्हर्डेच्या साल बेटावरचा ‘पोंता प्रेता’ घ्या. तिथे वारा किनाऱ्याकडून तिरका समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. अशा ठिकाणी हवा अरुंद, निमुळत्या शेपटीचा, केळ्यासारखा वाकलेला बोर्ड. या वाकाला म्हणतात रॉकर. रॉकर जास्त, तर उभ्या लाटेवर वळण जास्त खोल. (वन आयच्या नावामागे डोंगरातलं एक भोक आहे म्हणे. ते ‘डोळ्यात’ भरलं, की तुम्ही लाट धरायच्या अचूक जागी पोचलात!)

आता यायचं का गोव्याला? मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या दुपारी वायव्येचा वारा येतो समुद्राकडून, आणि लाटा छोट्या, विस्कटलेल्या. वन आयचा तो नाजूक बोर्ड इथे रुतूनच बसेल. इथे राजा म्हणजे रुंद, चपटा, चौकोनी शेपटीचा बोर्ड. तो कमी वाऱ्यात पाण्यावर येतो, वाऱ्याविरुद्ध वर चढतो आणि छोट्या लाटेतूनही वेग काढतो. जगातला सगळ्यात महाग बोर्डही चुकीच्या किनाऱ्यावर फुकट, हे माझं ठाम मत! आणि हो, मोरजीला ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. त्यांच्या राखीव पट्ट्यात काइट पसरायची नाही म्हणजे नाही.

शेपटीखाली बघितलंत? तिथे आहेत फिन्स. माहीत आहे का, सर्फबोर्डाला पहिली फिन लावली सर्फर टॉम ब्लेकनं, १९३५ मध्ये, आणि ती चक्क एका स्पीडबोटीची होती! तीन फिन्सचा ‘थ्रस्टर’ घेऊन ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं १९८१ मध्ये बेल्स बीच आणि पाइपलाइन अशा दोन बड्या स्पर्धा मारल्या. पेटंट मात्र घेतलं नाही. आज जगभर त्याचीच नक्कल! वाऱ्याविरुद्ध चढायचंय आणि वेगाची हाव आहे? मग चार फिन्सचा क्वाड ट्राय करा.

बोर्डावर पाय अडकवायचे पट्टे लावायचे की नाही? केप व्हर्डेचा मितू माँतेरो २००८ मध्ये लाटांमधला वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि बिनपट्ट्याच्या ‘स्ट्रॅपलेस’ शैलीचा तो बिनीचा शिलेदार. उडी मारली तरी बोर्ड पायाला चिकटलेला! गोंद? छे. खालून लागणारा वाराच त्याला तळव्यांवर दाबून धरतो.

राक्षसी लाटांवर मात्र पट्टे हवेतच. पोर्तुगालच्या नझारेला नुनो फिगेरेदोनं २०१७ मध्ये काइटवर पेललेली लाट १९ मीटरची होती. म्हणजे जवळपास सहा मजले!

काइटवाले बोर्डाला दोरी बांधायला कचरतात, माहीत आहे का? ताणलेली ही दोरी, म्हणजे लीश, आखडली की बोर्ड गोफणीच्या दगडागत परत येतो. वेटसूटवाले जॅक ओ’नील यांनी सर्फिंगमध्ये लीशपायीच डावा डोळा गमावला. त्यापेक्षा काइटच्या ओढीनं पाण्यातून सरपटत जाऊन बोर्ड गाठणं उत्तम. ते आधी शिका, बोर्ड नंतर घ्या.

साधा सर्फबोर्ड स्वस्तात मिळतोय? थांबा! उडी मारून उतरलात की टाचांखाली खड्डे पडतात. म्हणून काइटच्या बोर्डांना पायांखाली जादा थर देतात. सेकंडहँड घेताना टाचांची जागा अंगठ्यानं दाबून बघा आणि फिन्स हलवून बघा.

आतला फोम? त्यालाही इतिहास आहे. ५ डिसेंबर २००५, सोमवार: कॅलिफोर्नियाच्या ‘क्लार्क फोम’नं अचानक शटर ओढलं. अमेरिकेतले बहुतेक बोर्ड त्यांच्याच फोमच्या ठोकळ्यांतून, म्हणजे ‘ब्लँक’मधून घडायचे, म्हणून तो दिवस ‘ब्लँक मंडे’! त्यानंतर ईपीएस आणि इपॉक्सीची चलती झाली. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोलच. हलका, पण भेग पडली की पाणी पितो. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलात, तर आतली हवा तापून फुगते आणि वरचा थर सुटतो. बोर्ड सावलीत ठेवा!