उन्हाला चार वर्षं, अणूला सत्तर

गेल्या डिसेंबरात संसदेने ‘शांती’ या नावाचं विधेयक मंजूर केलं. १९६२ चा अणुऊर्जा कायदा गेला आणि २०१० चा अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदाही गेला. अणुवीज निर्मितीत खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. भट्टीत दोष निघून अपघात झाला तर ती पुरवणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरता येईल, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती. तीही नव्या कायद्यात उरली नाही. २०१० साली या एका तरतुदीसाठी केवढं रान उठलं होतं! या वेळी दोन दिवसांत सगळं आटोपलं. त्यात यंदा फुकुशिमाला पंधरा वर्षं झाली आणि जैतापूरच्या अणुप्रकल्पावरून साखरी नाट्यात झालेल्या गोळीबारालाही पंधरा वर्षं झाली. म्हणून हा मागोवा.

आम्हा पनवेलकरांना हा विषय लांबचा नाही. वाशीच्या पुलावरून दिसणारा ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा घुमट आमच्या रोजच्या लोकल प्रवासातला. आणि पळस्पे फाट्यावरून दक्षिणेला सुटलेला महामार्ग पेण, महाड, चिपळूण करत राजापूरला पोचतो. तिथून आत वळलं की जैतापूरची खाडी, साखरी नाटे आणि माडबनचा सडा.

जुना इतिहास भराभर सांगतो. आरशांनी ऊन गोळा करून वाफ करायची आणि वाफेवर यंत्र चालवायचं, हा प्रयोग मुंबईत १८७० च्या दशकातच झाला होता. उच्च न्यायालयात नोकरीला असलेल्या विल्यम अॅडम्स यांनी कुलाब्याला आरशांच्या रांगा मांडून अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं आणि १८७८ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढे काही झालं नाही. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. १९६९ साली तारापूरची वीज आली. २००० सालापर्यंत देशात १०,००० मेगावॅट अणुवीज असेल, असं १९८० च्या दशकात ठरलं होतं. ते साल उलटून सव्वीस वर्षं झाली तरी तो आकडा गाठलेला नाही. देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दरम्यान सरकारने सूर्यचुली वाटल्या, त्या माळ्यावर गेल्या.

खरं घडलं ते २०१० नंतरच्या दशकात. ११ जानेवारी २०१० रोजी राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट सौरवीज हे उद्दिष्ट होतं आणि पहिल्या टप्प्यातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी निम्मी क्षमता सौर-औष्णिक विजेसाठी राखून ठेवली होती. म्हणजे छपरावरच्या पॅनेलची वीज नव्हे. वाळवंटात अंतर्गोल आरशांच्या लांबच लांब रांगा उभ्या करायच्या, त्यांच्या नाभीवरून जाणाऱ्या नळीतलं तेल चारशे अंशांपर्यंत तापवायचं, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि टर्बाइन फिरवायचं. अणुवीज केंद्रातही शेवटी टर्बाइनच असतं आणि वाफच असते. तिथे युरेनियमचं अणुकेंद्र फुटून उष्णता मिळते, इथे उन्हातून. आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे ही उष्णता वितळलेल्या क्षारांच्या टाक्यांत साठवता येते. स्पेनमधल्या आंदासोल केंद्रात साडेसात तासांचा साठा होता आणि सूर्य मावळल्यावरही तिथलं टर्बाइन फिरत होतं.

२०१० च्याच डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीला आले आणि जैतापूरचा करार झाला. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. थोडंच आधी, नोव्हेंबरात, पर्यावरण खात्याने पस्तीस अटी घालून परवानगी दिली होती. अशा प्रकारची एकही भट्टी तेव्हा जगात कुठे चालू नव्हती. करार झाला त्या दिवशीही नव्हती.

माडबनचा सडा मी त्या काळात पाहिला. सरकारी कागदांत तो नापीक होता. पावसाळ्यात त्या कातळावर गुडघाभर गवत येतं, ते गुरांना आणि कलमांच्या मुळाशी घालायला जातं. कडेच्या उताराला हापूसची कलमं. कातळ फोडून, टोपलीने माती आणून घालून वाढवलेली. खाली साखरी नाट्याच्या बंदरात होड्यांची गर्दी. मासे वेगळे करायला बसलेल्या बायकांनी मला एकच गोष्ट विचारली: गरम पाणी समुद्रात सोडणार, मग मासळी कुठे जाणार? माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि ज्यांच्यापाशी असायला हवं होतं ते तिथवर येत नव्हते. मोबदल्याचे धनादेश कित्येक घरांनी नाकारले होते. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा झालं. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, १८ एप्रिलला, नाट्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण गेला. पुढे २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाख रुपये जाहीर झाले. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांचे हाल ज्यांनी ऐकले होते, त्यांना त्या आकड्याने धीर आला नाही.

त्या वर्षांत पनवेलमध्ये भारनियमन असायचं. संध्याकाळी दिवे गेले की कुणाचंही पहिलं वाक्य ठरलेलं: “वीज पाहिजे तर मग अणू नको कशाला म्हणता?” गावातल्या व्याख्यानांना मोठमोठे वक्ते येत. राजस्थानातल्या आरशांचा विषय काढला की एक जण हात झटकून म्हणायचे, “सूर्य मावळला की तुमचं काय?” क्षारांच्या टाक्यांचं सांगितलं तर ते पोरखेळ वाटायचं. आज तीच मंडळी संध्याकाळच्या विजेसाठी साठवण कशी गरजेची आहे यावर लेख लिहितात. आपल्या बाजूच्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. अणुविरोधी मोर्चात ‘सूर्य आहे ना’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी पॅनेल आणि आरसे यांतला फरक कधी समजून घेतला नाही. त्यामुळे आरसे मागे पडले तेव्हा त्यांच्या बाजूने कुणी ओरडलंच नाही.

मागे पडले ते असे. पहिल्या टप्प्यात सात सौर-औष्णिक प्रकल्पांना कंत्राटं मिळाली, एकूण ४७० मेगावॅट. कंपन्यांनी एकमेकींवर कडी करत दर इतके खाली आणले की युनिटला साडेदहा ते सव्वाबारा रुपयांत काम बसवावं लागलं. थरच्या वाळवंटात वर्षभरात किती थेट ऊन पडतं याचा अंदाज उपग्रहांवरून काढलेला होता. जमिनीवर मोजलं तर हवेतल्या धुळीने ते कमी भरलं. आरसे धुवायला पाणी लागतं, वाफ थंड करायला त्याहून कितीतरी जास्त, आणि जागा वाळवंट. या अडचणी खऱ्या होत्या, त्या झाकण्यात अर्थ नाही. जागेचंही तसंच. एका मेगावॅटला साधारण दोन-अडीच हेक्टर लागतात. ९,९०० मेगावॅटसाठी वीस ते पंचवीस हजार हेक्टर आरसे झाले असते, आणि तेही अणुभट्टीसारखे चोवीस तास चालले नसते. तरीही २०१३ च्या जूनमध्ये जैसलमेर जिल्ह्यात नोख इथे ५० मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं. २०१४ मध्ये अनंतपूरला ५० आणि धुरसरला १२५ मेगावॅट आलं. सातपैकी तीन. तिथेच सरकारचा धीर संपला. पॅनेलचे दर कोसळत गेले, २०१७ मध्ये भडलाच्या लिलावात २ रुपये ४४ पैसे युनिट इतके खाली आले आणि आरशांचं नाव फायलींतून गेलं.

मला सलतो तो इथे लावलेला न्याय. फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला जैतापूरच्याच जातीच्या भट्टीचं काम २००७ मध्ये सुरू झालं. ती २०१२ ला चालू व्हायची होती. तिची वीज जाळ्यात आली २०२४ च्या डिसेंबरात. सतरा वर्षं. फिनलंडमधल्या तशाच भट्टीचं काम २००५ ला सुरू झालं आणि ती २०२३ मध्ये नियमित चालू झाली. मधल्या काळात जैतापूरचा करार केलेली अरेव्हा कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि काम ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेलं. एवढा उशीर, एवढा खर्च, तरी कुणी म्हटलं नाही की हे तंत्रच नापास. नोखला सतरा वर्षं दिली असती तर ती २०३० मध्ये पुरी झाली असती. चीनने दिली. दुनहुआंगला १०० मेगावॅटचा सौर-औष्णिक मनोरा त्यांनी २०१८ मध्ये चालू केला, अकरा तासांच्या उष्णतेच्या साठ्यासह, आणि त्यानंतरही ते बांधतच राहिले. अमेरिकेतल्या क्रेसेंट ड्यून्स या तशाच केंद्राची क्षारांची टाकी गळली, त्याचा वीज करार रद्द झाला. आपल्याकडे दाखला तोच दिला जातो.

आपल्या महाराष्ट्राने काय करून दाखवलं होतं तेही विसरलं गेलं. आयआयटी मुंबईचे शिरीष केदारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ‘अरुण’ नावाची तबकडी २००६ च्या सुमाराला लातूरच्या महानंद डेअरीत बसली. एकशे साठ चौरस मीटरचा तो आरसा सूर्याबरोबर वळायचा आणि दुधाच्या पाश्चरीकरणाला उष्णता द्यायचा. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये ७३ तबकड्या आल्या. मी तिथे सकाळी वर गेलो होतो. कामगार एकेक तबकडी हाताने पूर्वेकडे वळवून ठेवत होता, पुढे दिवसभर त्या आपोआप फिरतात. आरशांच्या तुकड्यांतून ऊन एका काळ्या भांड्यावर जमा होत होतं, नळ्यांतून वाफ खाली जात होती आणि खाली वरणाला उकळी फुटत होती. हजारो माणसांचं जेवण. विशेष म्हणजे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष राहिलेले अनिल काकोडकर पुढे भारतीय सौर ऊर्जा महामंडळाचेही अध्यक्ष झाले. दोन्ही बाजूंचं ज्ञान असलेला माणूस आपल्याकडे होता. दोन्ही मार्गांना सारखी मुदत देऊन पाहावं, एवढं करायला कुणाची हरकत असायला नको होती.

आज महाराष्ट्रात शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर वाहिन्या उभ्या राहत आहेत आणि ते चांगलंच आहे. दुपारी पॅनेलची वीज मुबलक मिळू लागली आहे. संध्याकाळी सहानंतर, घराघरांत दिवे, मिक्सर आणि एसी एकदम चालू होतात तेव्हा, आपण पुन्हा कोळशाकडेच जातो. गेल्या वर्षीच्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये ठेवले गेले आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज असं उद्दिष्ट जाहीर झालं. त्याच अर्थसंकल्पात वाळवंटात क्षारांचा साठा असलेलं एक बऱ्यापैकी मोठं केंद्र उभारायला पैसे मिळायला हवे होते. थरमधल्या उन्हाची मोजणी जमिनीवर बसून करायला, पाण्याऐवजी हवेने वाफ थंड करणारी यंत्रणा तपासायला, नोख आणि धुरसरचे अनुभव लिहून ठेवायला. माडबनच्या लोकांनी पंधरा वर्षं वाट पाहिली आहे. त्यांची जमीन गेली आणि सड्यावर अजून एकही भट्टी नाही. नव्या कायद्याने त्यांच्यावर पुन्हा कंपन्या येणार असतील, तर दुरुस्ती आणून पुरवठादाराची जबाबदारी कायद्यात परत घाला, आणि नाट्याच्या बायकांनी विचारलेल्या गरम पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर मराठीत, गावात येऊन, लेखी द्या.