विकतचे, खुले की चोरीचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित सुरक्षा अपडेट्स देणे थांबवले. त्या दिवशी या निर्णयामुळे कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. भिवंडीत कापड व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर बिले निघत राहिली, काल्हेर-कशेळीच्या गोदामांत मालाची चलने छापली गेली, दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदीही झाल्या. त्यामुळे या तारखेकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. बदल झाला तो एवढाच, की या प्रणालीत नवी त्रुटी सापडली तर ती बुजवणारे अपडेट आता आपोआप येणार नाही. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत मिळते, पण तीही संपणारच आहे.

पुढची पायरी म्हणजे ‘विंडोज ११’. तिच्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा कॉम्प्युटर धडधाकट असला तरी या अटींत बसत नाही. यंत्रमागाच्या धंद्यात मीटरमागे पैशांचा हिशेब होतो. तिथे चालता कॉम्प्युटर टाकून नवा घ्यायचा, तर मालक दोनदा विचार करणारच. मग उरतात तीन वाटा: पैसे देऊन नवे घेणे, आहे तेच धोका पत्करून चालवणे किंवा खुल्या प्रणालीकडे जाणे. भिवंडीच काय, कुठल्याही गावात चौथी वाटही सर्रास वापरली जाते. ती म्हणजे चोरीची प्रत.

मागाचे झाकण उघडता येते का?

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची लांबलचक यादी. माणसाला वाचता येईल अशा रूपातल्या या यादीला ‘सोर्स कोड’ म्हणतात. व्यापारी कंपन्या सहसा हा कोड स्वतःकडे ठेवतात आणि ग्राहकाला फक्त चालणारा प्रोग्रॅम देतात. ‘ओपन सोर्स’ म्हणजे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये तो कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेली प्रत वाटताही येते.

भिवंडीकरांना हा फरक मागावरून चटकन कळेल. साधा यंत्रमाग बिघडला तर गल्लीतला मिस्त्री तो खोलतो, सुटा भाग बाजारातून आणतो आणि माग पुन्हा चालू होतो. इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या नव्या मागाचे कार्ड गेले की कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. नवा माग अधिक वेगाने विणतो, हेही खरेच. पण दुरुस्तीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न दोन्हीकडे वेगळा सुटतो.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ या प्रणालीचा गाभा जगासमोर ठेवला. ‘ओपन सोर्स’ हा शब्द १९९८ पासून रूढ झाला. आज अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. व्हिडीओसाठी वापरले जाणारे व्हीएलसी आणि इंटरनेटसाठीचे फायरफॉक्स हीदेखील खुलीच सॉफ्टवेअर आहेत. म्हणजे ‘आम्ही ओपन सोर्स कधी वापरलेच नाही’ असे म्हणणाऱ्याच्या खिशातही ते असण्याची शक्यता मोठी आहे.

चोरीच्या प्रतीचे बिल

बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीनुसार, २०१७ मध्ये भारतात कॉम्प्युटरवर टाकलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होते. पाहणी करणाऱ्यांचा धंदा यात गुंतलेला आहे, हे लक्षात ठेवूनही हा आकडा अविश्वसनीय वाटत नाही. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याला ‘सगळे टाकून दे’ एवढेच सांगायचे आणि त्याने पेनड्राइव्हवरून विंडोज, ऑफिस, फोटोशॉप भरून द्यायचे, ही पद्धत सर्वांच्या ओळखीची आहे.

या ‘फुकट’ सॉफ्टवेअरची किंमत दोन ठिकाणी वसूल होते. पहिली सुरक्षेत. परवान्याची अट मोडणारा ‘क्रॅक’ बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. चोरी पकडली जाऊ नये म्हणून पुढे अपडेट्सही बंद ठेवली जातात. म्हणजे अनोळखी माणसाला घरात घ्यायचे आणि वर कुलूप काढून ठेवायचे.

अपडेट न करण्याची किंमत काय असते, ते मे २०१७ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते ते अडकले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत या एका हल्ल्यामुळे सुमारे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज आहे. जी गत तिथल्या रुग्णालयांची झाली, ती एका कॉम्प्युटरवर सगळ्या रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या छोट्या दवाखान्याचीही होऊ शकते.

दुसरी किंमत कायद्याची. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार, सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैदेऐवजी फक्त दंड करू शकते. पेढीवर बिले काढणाऱ्या कॉम्प्युटरला ही सवलत मिळणे कठीण.

परवाना असला की झाले?

पैसे मोजले म्हणजे धोका संपला, असेही नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला आणि त्याचा फटका उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडल्यामुळे तिथले काम हाताने करण्याची वेळ आली. हा व्हायरस पसरला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका व्यापारी सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले होते.

खुल्या सॉफ्टवेअरचीही परीक्षा झाली आहे. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी दोनेक वर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जादा लागतो आहे, असे जाणवले. त्याने कोड उघडून पाहिला आणि कट उघडकीस आला. कोड खुला होता म्हणून तो तपासता आला. पण इतका महत्त्वाचा प्रोग्रॅम एकच स्वयंसेवक कसाबसा सांभाळत होता, म्हणून तो कट रचता आला. गंमत म्हणजे फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्येच होता.

थोडक्यात, सॉफ्टवेअर खुले असो वा विकतचे, त्याची देखभाल कोण करतो आणि अपडेट आपल्यापर्यंत पोहोचते का, यावर सुरक्षा ठरते. चोरीच्या प्रतीत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असते.

फाइल आपली, किल्ली कोणाची?

मराठी माणसाला सॉफ्टवेअरच्या बंदिस्तपणाचा चटका सर्वाधिक बसला तो फॉन्टमध्ये. युनिकोड रूढ होण्याआधी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा प्रत्येकाची अक्षरे साठवण्याची रीत वेगळी होती. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज किंवा लग्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. भिवंडीत तर मराठीसोबत उर्दूही छापली जाते. उर्दू छपाईत वर्षानुवर्षे चाललेल्या ‘इनपेज’च्या जुन्या फाइल्सचेही तसेच होते. मजकूर आपण लिहिलेला, पण तो वाचायला एका विशिष्ट कंपनीचे सॉफ्टवेअर हवे.

युनिकोड या सर्वमान्य प्रमाणामुळे हे कोडे बऱ्याच अंशी सुटले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालिक’ आहे. पैसे न मोजता, चोरी न करता ते छापखान्यातही वापरता येतात.

कागदपत्रांचेही असेच. ‘लिबर ऑफिस’ हे वर्ड-एक्सेलसारखे काम करणारे खुले सॉफ्टवेअर असून त्याचे मेनू मराठीतही मिळतात. ते ज्या ओडीएफ प्रकारात फाइल साठवते, त्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मान्यता मिळाली. वर्ड-एक्सेलच्या बहुतेक फाइल्स त्यात उघडतात. मात्र गुंतागुंतीची मांडणी विस्कटू शकते आणि एक्सेलमधले मॅक्रो नीट चालतीलच असे नाही.

हिशेबाचे काय?

व्यापाऱ्याची खरी अडचण इथे येते. लेखापालापासून कर सल्लागारापर्यंत सगळे ‘टॅली’ वापरतात. टॅलीचा जन्मही कापडधंद्याच्या आसपासचाच. कापड गिरण्यांना यंत्रांचे भाग पुरवणारे श्यामसुंदर गोयंका यांना मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत यांनी ते तयार केले आणि १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. टॅली मुळात विंडोजसाठी आहे. लिनक्सवर ते थेट चालत नाही. जीएसटीचे संकेतस्थळ कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, पण विवरणपत्रे भरण्याचे त्याचे ऑफलाइन साधन विंडोज आणि एक्सेल गृहीत धरूनच बनवलेले आहे. ज्याचे काम यावर चालते, त्याने टॅली आणि विंडोज परवान्यासह घेणे हाच शहाणपणा.

दुसरा पर्यायही मुंबईतच घडला आहे. ‘फ्रॅपे’ या २००८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब, साठा आणि उत्पादन सांभाळणारे सॉफ्टवेअर पूर्णपणे खुले आहे. कोड मोफत मिळतो आणि कंपनी सेवेचे पैसे घेते. खुले म्हणजे धंद्याच्या विरोधातले, हा समज यातून दूर व्हावा. मात्र ते बसवायला आणि चालवायला जाणकार माणूस लागतो. त्याचा पगार हीच मोफत सॉफ्टवेअरची खरी किंमत.

दवाखान्यांसाठीही असे पर्याय आहेत. छत्तीसगडमधल्या गनियारी इथल्या जन स्वास्थ्य सहयोग या ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून ‘बहमनी’ ही खुली रुग्णनोंद प्रणाली तयार झाली. पुढे ती इतर देशांतही पोहोचली.

सवयीचा अडसर

खुल्या सॉफ्टवेअरच्या आड पैशापेक्षा सवय जास्त येते. एमएस-सीआयटीतले ‘एमएस’ म्हणजे ‘महाराष्ट्र स्टेट’, पण अनेकांना ते मायक्रोसॉफ्टचे वाटते. त्यात नवल नाही, कारण त्या वर्गांतून दोन पिढ्या विंडोज आणि ऑफिसच शिकल्या. केरळने शाळांमधले कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, तेव्हा शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिले. उलट जर्मनीतल्या म्युनिक शहराने कार्यालये लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला.

शिकण्याची सोय मात्र जवळच आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, लिबर ऑफिस आणि इतर खुल्या सॉफ्टवेअरचे छोटे धडे मोफत मिळतात. त्यातले बरेच मराठीतही आहेत.

निवड कशी करावी?

घरचा जुना कॉम्प्युटर मुलांचा अभ्यास, इंटरनेट, पत्रलेखन आणि व्हिडीओ यांसाठी असेल, तर ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबुंटू’ पुरते. पेनड्राइव्हवरून ते आधी चालवून पाहता येते. हार्डडिस्कवरचे काहीही पुसले जात नाही. प्रिंटर, वाय-फाय आणि टायपिंग नीट चालते का, हे पाहूनच पुढे जावे. कायमचे बसवण्याआधी सगळ्या फाइल्सची दुसरी प्रत ठेवावी.

विंडोजवरच राहायचे असेल तर निदान चोरीची ऑफिस, चित्रांची आणि व्हिडीओची सॉफ्टवेअर काढून त्या जागी लिबर ऑफिस, जिंप, व्हीएलसी घ्यावीत. ती विंडोजवरही चालतात. मग परवान्याचा खर्च विंडोज आणि टॅली एवढ्यावरच राहतो.

आणि काहीही निवडले तरी आठवड्यातून एकदा हिशेब व नोंदी वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून ती कॉम्प्युटरपासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप घालतो. कॉम्प्युटर नवा घेता येतो, सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येते. पाच वर्षांची उधारीची खातेवही किंवा रुग्णांचा इतिहास मात्र कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.