नारळी पौर्णिमा : सागराची पूजा आणि गावची गिरिजा

श्रावणी पौर्णिमेला किनाऱ्यावरील कोळीबांधव सागराला नारळ अर्पण करतात. सागरापासून दूर वसलेल्या फुलंब्रीकरांचा या पूजेशी संबंध तो काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गिरिजा नदी देते. गिरिजा पूर्णेला मिळते, पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला, आणि गोदामाईचा एक प्रवाह आंध्र प्रदेशात अंतर्वेदीच्या क्षेत्री पूर्वसागरात विलीन होतो.

सागरस्नान पुण्यप्रद खरे. परंतु किनाऱ्याच्या पाण्यातील जंतूंची अशुद्धी डोळ्यांना दिसत नाही. आतड्यात राहणारा एक जंतू 1885 मध्ये थिओडोर एशेरिश यांनी वर्णिला. तोच आजचा ‘ई. कोलाय’. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. पण तो पाण्यात आढळला की विष्ठा मिसळली असे समजावे. मग पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे भय आलेच. म्हणून स्नानयोग्य सागरजलात दर 100 मिलिलिटरमागे अशा मलजन्य जंतूंची मर्यादा 100 ठरविली आहे.

परंतु जंतू आले कोठून? ते माणसाच्या आतड्यात असतात, तसेच गाईम्हशींच्या आणि पक्ष्यांच्याही. केवळ मोजणीने उगम कळत नाही. म्हणून तज्ज्ञ किनाऱ्यावरून प्रवाहाच्या उलट दिशेने जातात. प्रत्येक ओढ्याच्या व गटाराच्या मुखाशी, कोरड्या दिवशी आणि पावसानंतरही, नमुने घेतात. जेथे संख्या एकदम चढते, तेथे दोषाचे मूळ. पुढे ‘बॅक्टेरॉइडिस’ नावाच्या जंतूंच्या आनुवंशिक खुणा तपासल्या की मैला माणसाचा की गुरांचा, हेही उमगते.

मुंबईच्या माहीमच्या खाडीकडे पाहावे. तेथे मिळणारी मिठी नदी सुमारे 18 किलोमीटरची. वाटेत वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात उतरते. माहीमचे पाणी मलिन होते ते सागराच्या दोषाने नव्हे, काठावरच्या माणसांच्या हातून.

आपल्या गावचे जंतू अंतर्वेदीपर्यंत जिवंत पोहोचतील, असे मानण्याचे कारण नाही. ऊन आणि काळ त्यांचा नाश करतात. पूर्णेवर येलदरीचे धरणही वाटेत आहे. परंतु ते खालच्या गावापर्यंत मात्र खचित पोहोचू शकतात. तेथे कोणी माउली त्याच पाण्यात स्नान करून सूर्याला अर्घ्य देत असेल. आपल्या गावाची घाण तिच्या ओंजळीत जावी काय?

म्हणून यंदा नारळाबरोबर एक संकल्पही करावा. शौचालयाचे पाणी ओढ्यात सोडू नये, उकिरडा नदीपात्रापासून दूर असावा, गुरे नदीत धुऊ नयेत. नदीचे पाणी तीर्थ म्हणून प्राशन करावयाचे असेल तर ते उकळून घ्यावे. त्याने पावित्र्य उणे होत नाही. गिरिजेचा काठ ज्याने निर्मळ राखला, त्याची सागरपूजा घरबसल्याच पूर्ण झाली.