पीयूसीच्या पावतीवरचे दोन आकडे

एमएच-३६ पासिंगची २००८ सालची पेट्रोल गाडी पीयूसीत नापास झाली, की सल्ला ठरलेला असतो: ऑइल बदला, प्लग साफ करा, परत या. पावतीवरचे आकडे कुणी वाचत नाही. दुखणं नेमकं तिथंच लिहिलेलं असतं.

त्या काळच्या बीएस-२, बीएस-३ गाडीला जागेवर उभ्या इंजिनाच्या धुरात ०.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ७५० पीपीएम हायड्रोकार्बन माफ आहे. पहिला वायू म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, दुसरा म्हणजे न जळलेलंच. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी वाढतात.

समजा, मोनॉक्साइड २.८ टक्के आणि हायड्रोकार्बन मर्यादेत. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. ती कमी पडतेय किंवा पेट्रोल जास्त येतंय. धान मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर तुसाने भरलेला असू शकतो, म्हणून आधी तो पाहावा. त्यानंतर संशय इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर. तो बिघडला, तर इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर भर मे महिन्यातही जादा पेट्रोल सोडत राहतो. इथं एक स्थानिक खोड आठवते. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग थंडीत आणि पावसाळ्यात इंजिन पुरतं तापतच नाही, ॲव्हरेज पडतं, धूर वाढतो. मूळ दोष रेडिएटरचा असतो आणि शिक्षा थर्मोस्टॅटला! फ्युएल प्रेशर रेग्युलेटर असलेल्या गाडीत त्याची व्हॅक्यूम नळी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटलाय.

उलट मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन हजाराच्या वर गेला, तर गाडी मिसिंग मारतेय. प्लग, कॉइल, वायर, नाहीतर नीट न बसणारा व्हॉल्व्ह. सोबत निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. मग रिंग आणि व्हॉल्व्ह सील पाहावेत.

सगळ्यांत फसवा दोष म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या आधी पाइपला पडलेली भेग. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर ते वाढवतो. ही भेग मिस्त्रीला कानानं सापडते, फुसफुस ऐकून.

तपासणीआधी गाडी चांगली पळवून आणावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांवर कामाला लागतो. लाखनीहून महामार्गानं थेट आलेली गाडी आणि गल्लीतून दोन मिनिटांत आलेली तीच गाडी, दोघींचे आकडे वेगळे येतात. दोन्ही आकडे चढे असून गाडी गरम असेल, तर कन्व्हर्टर गेला असण्याची शक्यता आहे. पण तो सगळ्यांत महाग, म्हणून शेवटी बदलावा. जादा पेट्रोल किंवा मिसिंग तसंच राहिलं, तर न जळलेलं इंधन नव्या कन्व्हर्टरमध्ये जळतं, तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळते.